झाड कुणाच्या गावात?

फोन आला तेव्हा मी मीटिंगला निघाले होते. "आई, किम अंकल इज गॉन," ऋता म्हणाली. त्याला आता दोन महिने होत आले. फ्रीमाँटमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे कोरियन काका. पण त्यांची आठवण आली की मला आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

नव्वदच्या सुमारास आम्ही इथे राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात काका-काकूंनी जेवायला बोलावलं आणि जेवण राहिलं बाजूला, टेबलावर गावंच मांडली. टेबलाच्या दोन फळ्यांमधली फट म्हणजे ओढा. अलीकडे काकांचं खालचं गाव, पलीकडे काकूंचं वरचं. किमचीची बरणी ही टेकडी आणि सोया सॉसची बाटली म्हणजे वेशीवरचं जुनं झाड. दोन्ही गावांच्या नाशपातीच्या बागा सरकारने घेतल्या, तिथे सोल शहराच्या उंच इमारती उठल्या, ओढा सिमेंटखाली गेला. उरलं ते एक झाड, पार्किंगच्या मधोमध. मी कोथरूडची, शेतांच्या जागी सोसायट्या उगवताना पाहिलेली. मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

भांडण एकच. झाड कुणाचं? काकांचं इंग्रजी बेताचं, पण भांडणाला पुरायचं. बाटली अलीकडे ओढून ते म्हणत, "आमचं! माझे आजोबा रोज त्याच्याखाली झोपायचे." काकू ती पलीकडे नेत. "झोपायला आमच्याच गावात यायचे!" मग दोघं माझ्याकडे बघत. मी मुत्सद्दीपणाने बाटली बरोब्बर फटीवर ठेवायची, आणि ती कलंडायची.

एकदा त्यांचा मुलगा कामासाठी सोलला गेला, तेव्हा झाड बघून निकाल आणायची कामगिरी त्याच्यावर आली. परतल्यावर तो वैतागून म्हणाला, "डॅड, देअर इज नो क्रीक! अलीकडे काय नि पलीकडे काय?" दोघांचेही चेहरे खुलले. भांडण वाचलं होतं ना!

गेल्या रविवारी काकूंकडे जेवायला गेले. बाटली काकांच्या बाजूला, रिकाम्या खुर्चीसमोर. सवयीने मी ती मध्ये ठेवायला हात पुढे केला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "झाड त्यांच्याच गावात होतं. मला लहानपणापासून माहीत आहे."

मला रडू आवरेना. काकूंनी नाशपातीची फोड माझ्या ताटात ठेवली. "नाशपाती मात्र आमच्याच गावच्या गोड," त्या ठासून म्हणाल्या, आणि खुर्चीकडे बघत उत्तरासाठी थांबल्या...