नाकाडेबाईंचा खराटा

ड्रायव्हर निवडून द्या म्हणून कुणी दारात आलं, की नाकाडेबाई आधी त्याच्या हातात खराटा द्यायच्या. गोल्फमधला ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब, जाड डोक्याची काठी. पहिला लांबचा फटका तिनेच मारायचा. "जरा अंगण झाडा," असं म्हणून बाई चहाचा कप घेऊन पायरीवर बसायच्या. माणूस जसा झाडतो तशीच काठी फिरवतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आमच्या सिमेंट कारखान्याच्या मोठ्या साहेबांनीसुद्धा ते अंगण झाडलं होतं. "साहेब झाडते भराभरा," बाईंनी निकाल दिला, "पण कचरा मांगंच राह्यते."

बाईंना फुकटात अंगण झाडून हवं असतं, असं निम्मी कॉलनी म्हणायची. ते खरंच होतं. कोरपन्याच्या बाजूच्या त्या सिमेंटच्या धुळीत तेवढं लख्ख अंगण दुसरं नव्हतं.

बाई कॉलनीच्या शाळेत खेळ शिकवायच्या. मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या बांधीत वाढलेल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, आणि गळ्यात कायम शिट्टी. भाजीवाल्यालासुद्धा शिट्टी वाजवूनच थांबवायच्या. कुणा साहेबाची बदली झाली की तो जाताना जुन्या काठ्या टाकून जायचा आणि बाई त्या उचलून आणायच्या. त्यांच्या कपाटात साड्या कमी आणि ड्रायव्हर जास्त होते.

आमचं गोल्फचं मैदान पाच खड्ड्यांचं. खड्ड्याभोवती हिरवळ नव्हती, तेल शिंपडून दाबलेली वाळू होती. माकडाने चेंडू पळवला तर दंड नाही, असा नियम तिथे पाटीवर लिहिलेला होता. पण खरा नियम नाल्याचा. पहिल्याच फटक्याच्या वाटेत नाला आडवा होता. समितीसमोर तीन संधींत ज्याचा चेंडू नाल्यापार गेला, तोच मैदानावर खेळणार. बाकीच्यांनी कुंपणाशी सराव करत बसायचं. बायकांपैकी नाला ओलांडलेल्या एकट्या नाकाडेबाई.

आता माझी गंमत ऐका. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, म्हणजे आजच्या माझ्या हिशोबाने पोरच. नवरा हिशेब खात्यात, मुलं शिकायला बाहेर, आणि टीव्हीवर गोल्फ बघून माझ्या अंगात आलेलं. पांढरी टोपी घेतली, काळा चष्मा घेतला, आरशासमोर उभं राहून फटका मारल्यानंतरची ऐट बसवली. फटका मारायला मात्र अजून शिकायचं होतं. मग ह्यांच्यामागे लागून नागपूरहून ड्रायव्हर मागवला. त्या वर्षी सगळे साहेब लोक घेत होते तोच, काळा कुळकुळीत, नारळाएवढ्या डोक्याचा. त्याच्याबरोबर आधी फोटो काढला. मग चेंडू मारला. तो जमिनीलगत सरपटत नाल्यात गेला, बेडकासारखा.

बाईंनी माझ्याकडून अंगण झाडून घेतलं, मग तो ड्रायव्हर हातात तोलून पाहिला.

"काठी चांगली हाये वहिनी, पन दुसऱ्याची हाये."

"दुसऱ्याची कशी? पावती आहे माझ्याकडे!"

"पावती तुमची, ताकद साहेबाची. तुमी झाडता कशा? अंगनाले गोंजारून राह्यल्या. ह्या काठीचा दांडा कडक, तोंड सरळ. तिले जोरात फिरवनारा पायजे. हळू हातात चेंडू वर उठतच नाई."

कपाटातून त्यांनी एक जुना, जांभळा, रंग उडालेला ड्रायव्हर काढला. हलका, आखूड, दांडा लवचिक आणि तोंड आभाळाकडे जरा जास्तच कललेलं. मी नाक मुरडलं. "हा बायकी दिसतो."

"मंग तुमी कोन होय?"

त्यांना माझी एवढी काळजी का, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या, क्वार्टर सोडून गावी जाणार होत्या. "मले एकदा तरी बाईमाणसासंग खेळाचं हाये," त्या म्हणाल्या. "गडी लोक आपसात बोलते, मी आली का चूप होते. इतकी वर्षं मुक्यानं खेळली मी." म्हणजे मी नाला ओलांडला नाही, तर बाई तशाच जाणार होत्या. ते ऐकल्यावर मी टोपी आणि चष्मा घरी ठेवला आणि रोज सकाळी जांभळी काठी फिरवू लागले.

परीक्षेच्या दिवशी समिती छत्रीखाली बसली. माझा पहिला चेंडू नाल्यात गेला. दुसऱ्या वेळी चेंडू जागेवर राहिला, मीच गोल फिरले. ह्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं, ते मला दिसलं. बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब लोकाईकडे काऊन पाहून राह्यल्या? अंगन झाडा."

झाडलं. चेंडू उंच गेला, सावकाश, अगदी माझ्यासारखाच रमतगमत, आणि नाल्यापलीकडे पडला. पडला तो उतारावर. परत नाल्याकडे घरंगळायला लागला आणि तिथे बसलेल्या म्हशीच्या पोटाला लागून थांबला.

"हे धरता येणार नाही," सचिव उठून म्हणाले. "म्हैस नसती तर चेंडू नाल्यात होता."

बाईंनी शिट्टी वाजवली. "साहेब, मागच्या रविवारी तुमचा चेंडू पळसाले अडला, तवा तुमी पळस काढून हिशोब केला का? म्हैस तं पळसापेक्षा जुनी मेंबर हाये इथची!"

सगळी समिती हसली आणि मी पास झाले.

बाई जायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खेळलो. इतकं बोललो की मागून येणारे साहेब वैतागून आम्हाला ओलांडून पुढे गेले. सासवांपासून कोथिंबिरीच्या सांबारवडीपर्यंत सगळे विषय झाले. शेवटच्या खड्ड्यापाशी दोघींचे फटके सारखे होते आणि दोघींचे चेंडू वाळूवर पडले होते. ज्याचा चेंडू खड्ड्यापासून लांब, त्याने आधी मारायचं.

"मारा वहिनी, तुमचा लांब हाये."

"तुमचा लांब आहे!"

भांडलो, हसलो, खाली बसून वितीने मोजलं, तरी जमेना. शेवटी बाई उठल्या आणि पदर झटकून म्हणाल्या, "राहू द्या. आज नाई मारत कोनीच."

त्यानंतर ब्रह्मपुरीहून त्यांचा फोन यायचा तो नमस्काराने नाही, "वहिनी, मारता का नाई?" असा यायचा. आणि मी म्हणायची, आधी तुम्ही. धान कसं झालं, गुडघे कसे आहेत, हे सगळं त्यानंतर. बरीच वर्षं हे चाललं. मागच्या पोळ्याला त्यांच्या भाच्याने बाई गेल्याचं कळवलं.

सून म्हणाली, "आई, आता तरी तुमचं भांडण मिटलं."

मिटलं कसं? चेंडू बाईंचाच लांब होता.