वसुधाची टणक बैठक

सकाळीच अण्णांचा फोन आला. "बाई, वसू गेली... झोपेतच." त्याला आता महिना उलटला, तरी तिच्याविषयी लिहायला बसले की शोकाआधी अभिमानच दाटून येतो.

वसुधाला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात होता. कंबरेत तोल नव्हता, बुद्धी मात्र तल्लख. गंगापूर रोडवरील तिच्या घरी जाऊन मी तिला गणित शिकवले, आणि पुढे देवळाली कॅम्पच्या एका शाळेने तिला गणित शिकवायलाच बोलावले. अट एकच, रोज वेळेवर पोहोचण्याची. थोरले भाऊ अण्णा मात्र तिला रस्त्यावर न्यायला धजावत नव्हते. मायेपोटी त्यांनी तिच्या चाकाच्या खुर्चीत उशांचे थर रचले होते. त्या मऊपणात ती खाली घसरे, मान कलंडे... की घरातले आणखी एक उशी आणत.

"अण्णा, मला लोळायचं नाहीये, शिकवायचंय," ती एकदा म्हणाली. "उशा काढ. खाली फळी हवी मला."

तज्ज्ञांकडून माप घेऊन टणक बैठक बनवली, दोन्ही बाजूंना आधार दिले, मांड्यांच्या मुळाशी पट्टा लावला. कंबर स्थिर झाली की मान सावरते आणि हात मोकळे होतात, हे तेव्हा आम्हाला उमगले. मग घरच्या व्हॅनच्या तळाला कड्या बसवून खुर्ची चारही बाजूंनी बांधली. वसुधाला गाडीचा स्वतंत्र पट्टाही हवा होता. खुर्चीचा पट्टा नीट बसण्यासाठी असतो, धक्क्यातून वाचवतो तो गाडीचा, असे तिने आम्हाला समजावले.

पहिल्या फेरीला अण्णा तिची खुर्ची दोन्ही हातांनी धरून शेजारी बसले, स्वतः पट्टा न लावता. वाटेत शेळ्या आडव्या आल्या आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. अण्णा पुढच्या सीटवर आदळले. वसुधा जागची हलली नाही.

"लागलं का रे? मला सांभाळायला आला होतास ना?"

अण्णा कपाळ चोळत हसले. "सोमवारपासून जा बाई तू शाळेत."

ती शाळेत जाऊ लागली, आणि आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तिने तेथे शिकवले.

अण्णांनी व्हॅन विकली नाही; आता ते तिच्यातून चाकाच्या खुर्चीतल्या इतरांची ने-आण करतात. परवा ते एका वृद्ध निवृत्त सैनिकाला दवाखान्यात नेत होते. गुडघ्यांवर बसून खुर्ची बांधून झाल्यावर त्यांनी विचारले, "पट्टा कुठे काचतोय का?" शेजारी उभा असलेला सैनिकाचा मुलगा चटकन म्हणाला, "नाही, ठीक आहे."

"तुम्हाला नाही, त्यांना विचारतोय," अण्णा म्हणाले, आणि उत्तर येईपर्यंत गुडघ्यांवर तसेच थांबून राहिले.