स्टेजवर ठेवलेला कान

मुलांनो, तुम्ही तिघांनी मिळून वाढदिवसाला पाठवलेली कानाची नवी यंत्रं पोचली. तुमच्या आजोबांना आधी वाटलं, कोणीतरी भाजलेले दोन हरभरे पाठवले आहेत. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही तिघं नेहमीसारखे एकदम बोललात आणि पहिल्यांदाच मी कुणाला हात वर करायला लावलं नाही. तेव्हा धाकटीने विचारलं, "आजी, पूर्वी तू काय करायचीस?" उत्तर फोनवर मावणारं नाही. शिवाय सुख अंगवळणी पडलं की आधीचा त्रास नेमका कसा होता ते विसरायला होतं. म्हणून विसरायच्या आत लिहून ठेवते. जे हिंदी आणि पंजाबी येईल ते तुमची आई समजावून सांगेल, ती इथेच वाढली आहे.

माझं पहिलं यंत्र म्हणजे दोन काडेपेट्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढी एक डबी. तिच्यातून दीड फुटाची तार निघायची आणि तारेच्या टोकाला कानात घालायचं बटण. पुरुष ती डबी सदऱ्याच्या खिशात ठेवत. मी ब्लाउजमध्ये ठेवायची. त्यामुळे कांजी केलेली सुती साडी नेसले की दिवसभर कानात पापड तळल्याचा आवाज यायचा. पण खरी अडचण ती नव्हती. एका खोलीत एकच माणूस बोलत असेल तर यंत्र छान चालायचं. चार माणसं, वर पंखा आणि शेजारी कुकर असला की ते सगळ्यांना सारखाच मान द्यायचं. पंख्याला जेवढं मोठं करायचं तेवढंच तुमच्या आजोबांना. आवाज वाढवला की पंखाही वाढायचा. लोकांना वाटायचं मला ऐकू येत नाही. मला ऐकू फार यायचं, कळायचं नाही.

वर्गात पन्नास मुली आणि बाहेर मैदान, असं असल्यामुळे मी शाळेतली इंग्रजीची नोकरी आधीच सोडली होती. माझ्याकडे एकच काम उरलं होतं. चंडीगढमधल्या आम्हा मराठी लोकांचं मंडळ गणपतीत दरवर्षी एक नाटक करायचं आणि त्याचं प्रॉम्प्टिंग मी करायची. हे काम लहान समजू नका. आमच्या नटांपैकी निम्मे डॉक्टर नाहीतर फौजी, त्यांना पाठांतराला वेळ नसे. त्यांची मुलं घरी हिंदीत भांडायची. तेव्हा प्रॉम्प्टर हाच नाटकाचा कणा होता.

त्या वर्षी आमचा नायक पिंजौरच्या कारखान्यातला एक इंजिनियर होता. दिसायला देखणा, आवाज चांगला, पण संवाद विसरायचा. त्याहून वाईट म्हणजे त्याला पॉज घ्यायची हौस होती. मध्येच थांबायचा आणि छताकडे बघायचा. तालमी आमच्याच बैठकीत व्हायच्या, भला मोठा कूलर घोंघावत असायचा. मला वाटायचं हा विसरला, म्हणून मी वाक्य सांगायची. तो चिडून म्हणायचा, "वहिनी, पॉज होता!" दहा मिनिटांनी तो खरोखर विसरायचा आणि कूलरच्या आवाजात मला वाटायचं की तो बोलतोच आहे. मी शांतपणे पान उलटायची.

मंडळाच्या सेक्रेटरी चंडीमंदिरच्या एका कर्नलसाहेबांच्या पत्नी होत्या. पतीपेक्षा त्यांचाच दरारा जास्त. तिसऱ्या तालमीनंतर चहा घेताना त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुम्ही फुलांचं बघाल का?"

आमच्या मंडळात फुलांचं बघणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. ज्या माणसाला काही जमत नाही पण ज्याला दुखवायचंही नाही, त्याला फुलांकडे पाठवत. माझ्या आधी ते काम एका आजोबांकडे होतं आणि ते आदल्या वर्षी वारले होते.

"मी प्रॉम्प्टिंग करणार आहे," मी म्हटलं.

"बरं. या प्रयोगाला करा. मग बघू."

हे "मग बघू" मला कूलर चालू असतानाही स्वच्छ ऐकू आलं.

त्या रात्री मी डोकं शांत ठेवून विचार केला. दुसऱ्या दिवशी तालमीत डबी ब्लाउजमधून काढली, नायकाच्या समोरच्या टीपॉयवर ठेवली आणि तार पुरावी म्हणून तिच्यापाशी वाकून बसले. ताबडतोब त्याचा आवाज जवळ आला आणि कूलरचा लांब गेला. म्हणजे ऐकायचं काम माझा कान करतच नव्हता, डबी करत होती. मी कुठे बसते याला काही महत्त्व नव्हतं, डबी कुठे बसते याला होतं. फक्त तार दीड फुटाची. नायकाच्या मांडीवर बसून प्रॉम्प्टिंग करणं मंडळाला चाललं नसतं.

मी सेक्टर बावीसमधल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या सरदारजींनी डबी उलटसुलट करून पाहिली.

"कितनी लंबी तार चाहिए, बीबीजी?"

"बीस फुट."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कान घर छोड़ के आना है?"

पण तार त्यांनी उत्तम करून दिली, दोन्ही टोकांना नीट डाख देऊन.

आता तुम्हाला त्या दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पंजाबात तेव्हा फार वाईट चाललं होतं. आमच्या शहरात त्या मानाने शांतता होती, तरी जागोजागी वाळूची पोती आणि नाके होते, बाजारातून परतायला उशीर झाला की घरचे फाटकापाशी येऊन उभे राहत. ट्रान्झिस्टरमध्ये, डब्यात बॉम्ब ठेवल्याच्या बातम्या येत. बसमध्ये बसण्याआधी सीटखाली वाकून बघायचं आणि बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, हे तुमच्या आईला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं. पिंजौर आणि चंडीमंदिरच्या लोकांना उजेडात घरी पोचता यावं म्हणून आमचं नाटकसुद्धा दुपारी ठेवलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. आणि हे सगळं माहीत असलेल्या मी, एम. ए. इंग्लिश, एका सार्वजनिक हॉलमध्ये, रिकाम्या स्टेजवर, टीपॉयखाली एक काळी डबी ठेवली, तिची तार सतरंजीखालून विंगेपर्यंत नेली, दुसरं टोक माझ्या खुर्चीवर ठेवलं आणि कुणाला काही न सांगता मागच्या खोलीत नायकाच्या सदऱ्याला इस्त्री करायला निघून गेले.

डबी स्टेजवर असल्यामुळे मागच्या खोलीत मला काही ऐकू येत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

हॉलच्या बंदोबस्ताला एक वयस्कर हवालदार आणि एक तरुण शिपाई आले होते. सेक्रेटरीबाईंनीच त्यांना प्रेक्षक बसल्यावर एकदा आतून फेरी मारायला सांगितलं होतं. शिपायाने टीपॉयखाली वाकून पाहिलं आणि पुढे जे व्हायला हवं तेच झालं. हॉल रिकामा करण्यात आला. आमचे निम्मे प्रेक्षक फौजी, त्यामुळे एका रांगेत, न ढकलता, मुलांना मध्ये घेऊन सगळे समोरच्या लॉनच्या पलीकडे गेले. मागच्या खोलीच्या दारातून म्हणे नायक स्वतः ओरडला, "वहिनी, बाहेर!" माझी पाठ दाराकडे होती आणि मी कॉलर करत होते.

बाहेर तुमच्या आजोबांनी माणसं मोजली आणि मी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. सुटणाऱ्या बसमागेही कधी न धावलेले तुमचे आजोबा लॉनवरून धावत आले. आतून शिपायाने दाराशी येऊन त्यांना अडवलं.

"मेरी बीवी अंदर है! उसको सुनाई नहीं देता!"

"फेर तां डरेगी वी नहीं, जी," शिपाई म्हणाला. "तुसी पिच्छे रहो. असी लभ्भ लांगे." म्हणजे मला तेच शोधून काढणार होते.

आजोबा मागे गेले नाहीत. तिथेच पायरीवर बसून राहिले. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, नायकाने सांगितलं.

इकडे इस्त्री झाली. मी सदरा हँगरला लावून विंगेत आले आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं तर हॉलमध्ये चिटपाखरू नाही. मला वाटलं, चहा आधीच दिला असावा. आमच्या प्रेक्षकांबद्दल माझं मत तसंच होतं. मी खुर्चीवर बसले. तिथून टीपॉय नाटकातल्या सोफ्याआड झाकला जायचा. संहिता मांडीवर घेतली आणि बटण कानात घातलं.

मुलांनो, इतकं स्वच्छ बोलणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. जणू कोणीतरी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून बोलत होतं.

"साबजी, तार कित्थे जांदी ए?"

"ओए, हत्थ ना लाईं."

"कट्ट दिआं?"

"चुप कर. पहलां सोचण दे."

एक क्षणभर मला नुसता आनंद झाला. श्वाससुद्धा ऐकू येत होता. हवालदाराला सर्दी होती हेही कळत होतं. मग बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला. हे माझ्या तारेबद्दल बोलत होते. यंत्र दिल्लीहून मागवलेलं, दुसरं मिळायला कितीतरी महिने लागले असते, आणि पडदा उघडायला थोडाच वेळ होता. तार कापली की मी फुलांकडे जाणार होते.

"मत काटिए!" मी विंगेतून ओरडले. "वो मेरा कान है!"

माझ्या कानात दोन माणसांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

मग सतरंजीची कड उचलली गेली. हवालदार तारेवर नजर ठेवून, पावलापुढे पाऊल टाकत, विंगेकडे येऊ लागले. तार खुर्चीच्या पायापाशी आली. ते वाकले. तार पायावरून वर, माझ्या पदराशेजारून, मानेजवळून गेली, तसतशी त्यांची नजर वर आली आणि शेवटी माझ्या कानापाशी थांबली.

"ओए," त्यांनी मागे वळून शिपायाला सांगितलं, "ए तां बीबीजी दे कन्न विच जांदी ए."

तोवर आजोबा आत आले होते. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. त्यांच्यामागून सेक्रेटरीबाई आल्या. "वहिनी, ही डबी आत्ताच्या आत्ता इथून हलवा. तुम्ही आपलं..." त्यांनी फुलं हा शब्द उच्चारला नाही, पण हातातला हार माझ्यापुढे केला.

डबी कशासाठी आहे ते मी समजावल्यावर निकाल हवालदारांनी दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हुकूम बेवारस वस्तूबद्दल आहे. जिच्याजवळ माणूस बसलाय ती वस्तू बेवारस कशी? "डब्बी रहेगी," ते म्हणाले. "मैं कोल बैठांगा." आणि डबी स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवून तिच्यालगत, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, ते खुर्ची टाकून बसले. सेक्रेटरीबाईंपुढे आजवर कर्नलसाहेबांचंही काही चाललं नव्हतं. पण गणवेशातल्या हवालदाराशी भांडायचं कसं ते त्यांनाही सुचलं नाही.

प्रेक्षक आले, पडदा उघडला आणि दुसऱ्याच प्रवेशात वीज गेली. मागे जनरेटर सुरू झाला. एरवी मी तिथेच संपले असते. पण डबी लांब होती, जनरेटर तिला पुसट ऐकू येत होता आणि नट जवळ. फक्त सगळ्यांत जवळ हवालदार होते. ते शेंगदाणे खात होते. नाटकाचा पूर्ण पहिला अंक मी शेंगदाण्यांच्या पार्श्वसंगीतावर ऐकला.

मग नायकाचं मोठं भाषण आलं. वडिलांसमोर उभा राहून तो घर सोडून जात असल्याचं सांगतो. दोन वाक्यं झाली आणि तो थांबला. माझ्या जागेवरून मला त्याची फक्त पाठ दिसत होती. पॉज की विसरला? सांगावं तर तो चिडणार, न सांगावं तर नाटक कोसळणार. मी संहितेतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तेवढ्यात कानात शेंगदाणे थांबले आणि हवालदार डबीला अगदी खाजगीत म्हणाले,

"बीबीजी, भुल्ल गया. पसीना छुट्ट गया ए."

मी वाक्य सांगितलं. भाषण पुढे सरकलं. आणखी जरा वेळाने तो पुन्हा थांबला. मी तोंड उघडणार तोच डबीतून घाईघाईने आवाज आला, "ना जी, ना! हुण रोण लग्गा ए." म्हणजे आता तो रडायला लागला होता.

मी गप्प राहिले. पॉज लांबला. हॉलमध्ये कोणीतरी हुंदका दिला. तो मला फारच जवळून ऐकू आला, त्यामुळे तो कोणाचा होता याबद्दल मला शंका नाही. हवालदारांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण मुलगा घर सोडून निघालाय एवढं त्यांना कळलं असावं. त्यांचं गाव सरहद्दीकडे होतं आणि मुलगा शिकायला लांब पाठवलेला, असं चहाच्या वेळी ते म्हणाले. दुसरा कप मागितला.

टाळ्या खूप पडल्या. नायक मला म्हणाला, "वहिनी, आज तुम्ही एकही पॉज मोडला नाहीत." सेक्रेटरीबाईंनी मला काहीच म्हटलं नाही, आणि त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं. हार त्यांनी हवालदारांच्या गळ्यात घातला. पुढच्या गणपतीच्या आधीच मंडळाने ठाण्याला रीतसर पत्र पाठवलं की आमच्या स्टेजवर एक डबी असते आणि ती आमचीच असते. पण हवालदारांची बदली झाली होती. त्यांच्या खुर्चीवर तुमचे आजोबा बसायला लागले. ते चेहरे बघायचे सोडून नाटकाबद्दलचं स्वतःचं मत डबीत सांगायचे, "भाषा बोजड आहे," वगैरे.

ती डबी पुढे बंद पडली, मग कानामागे बसणारी यंत्रं आली, मग कानाच्या आत बसणारी. सरदारजींचं दुकान गेलं, तिथे आता मोबाइल मिळतात. नायक निवृत्त होऊन नागपूरला गेला. मंडळाचं नाटक दर गणपतीत होतं आणि प्रॉम्प्टिंग अजून माझ्याकडे आहे.