कोरडं वर यायची अट

कुवेतमध्ये थंडी नसते, असं ज्या गृहस्थाने लंडनमध्ये बसून ठरवलं होतं, त्याची-माझी कधी गाठ पडली नाही. त्याच्या दृष्टीने ते बरंच झालं.

वाळवंट म्हणजे उकाडा, एवढा भूगोल त्याला पुरत होता. त्यामुळे आमच्या तेल कंपनीच्या धक्क्यावरून पाणबुड्यांसाठी गरम पोशाखाची मागणी दर वर्षी जायची आणि 'अनावश्यक' असा शेरा घेऊन दर वर्षी परत यायची. इकडे जानेवारीत उत्तरेकडून शमाल वारा सुटला की धक्क्याजवळच्या फहाहीलच्या बाजारात अरब दुकानदार मेंढीच्या कातड्याचे झगे गुंडाळून शेगडीपुढे बसत. समुद्रही गार पडे. लंडनचा शेरा त्याच्यापर्यंत पोचलेला नसावा.

तेलाची जहाजं ज्या धक्क्याला लागत, त्याचे लोखंडी खांब पाण्याखाली तपासणं हे माझं काम. शिंपल्यांचा थर खरवडून काढायचा आणि गंज कुठवर आत शिरलाय ते बघायचं. हे मी मुंबईच्या गोदीत शिकून आलो होतो. पाठीवर हवेची टाकी, तोंडाशी दोन रबरी नळ्या, आणि थंडीच्या दिवसांत अंगात दोन लोकरी स्वेटर. भिजलेली लोकर माणसाला ऊब देत नाही, फक्त वजन देते. पण 'अनावश्यक' पोशाखाच्या जागी तेवढंच होतं.

एकोणीसशे साठच्या आसपासच्या एका जानेवारीत खांब खरवडता खरवडता माझ्या लक्षात आलं, की खरवडणी हातात नाही. ती कधी पडली ते बोटांना कळलंच नव्हतं. वर आलो तो दातखीळ बसलेली. मग न्यूमोनिया झाला, आणि बरेच दिवस इस्पितळात काढले. बायको खाटेशी बसून माझा हात चोळत होती. लाकूड चोळल्यासारखं वाटत होतं, असं तिने नंतर सांगितलं.

"आता पाण्यात जायचं नाही," घरी आल्यावर ती म्हणाली.

"अगं, काम आहे ते माझं."

"काम ऑफिसातही असतं. टेबलाखाली कोणी बुडत नाही."

"आणि गेलो तर?"

"जा की. फक्त कोरडे वर या, मग मी चकार शब्द काढणार नाही."

नाही म्हणायची तिची ही सभ्य पद्धत होती.

मी नकाशाच्या खोलीत बसू लागलो. दुसऱ्यांनी पाहिलेले खांब कागदावर काढायचे. आल्या-गेल्याला 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचं. पाण्याखाली ही कटकट नसते. तिथे कोणाचा हुद्दा ऐकू येत नाही, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. मला पुन्हा खाली जायचं होतं. त्यात मोठं काही तत्त्वज्ञान नव्हतं. आवडीचं काम हातातून गेलं होतं, ते परत हवं होतं.

आम्हा पाणबुड्यांच्या न्यूमोनियाने जे झालं नाही ते एका डायरेक्टरच्या शिंकेने झालं. लंडनहून आलेले हे डायरेक्टर हिवाळ्यात, जेवणानंतर, हौसेने समुद्रात उतरले आणि ओठ निळे करून बाहेर आले. पुढच्या हिवाळ्याआधी विमानाने खोकं हजर! आत फुगीर काळ्या रबराचा पोशाख, आणि श्वासासाठी एकाच नळीचं नवं यंत्र. पोशाख एकच, मधल्या मापाचा. तो अंगात जाईल असा धक्क्यावर मी एकटा होतो. बाकीचे पाणबुडे एक तर फार रुंद, नाही तर फार उंच. नकाशाच्या खोलीतून मला बोलावणं आलं.

खोकं उघडलं ते भांडारप्रमुखाच्या समोर. हे श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, माझ्याहून वयाने मोठे. मी त्यांना भाईजान म्हणायचो, ते मला मास्तर. खोक्यातला माहितीचा कागद मी त्यांना वाचून दाखवला. पोशाख अंगाला घट्ट बसतो, तरी आत थोडं पाणी शिरतं. ते अंगाच्या उबेने तापतं आणि रबर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही.

"पानी आत जातंय?" भाईजान म्हणाले. "मग हा घालायचा कशाला?"

"आत गेलेलं पाणी गरम राहतं, भाईजान."

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे अंगाभोवती चहा बांधून बुडी मारायची."

याहून चांगला खुलासा मी आजवर वाचलेला नाही.

धक्क्याचे मोठे साहेब मात्र कागद वाचणाऱ्यांतले नव्हते. युद्धात ते खेचरांच्या खात्यात होते असं ऐकिवात होतं. नव्या पोशाखाचा त्यांनी समारंभ मांडला. धक्क्यावर गालिचा, खुर्च्या, चहा, पुन्हा आलेले डायरेक्टर, आणि पोशाखाला बांधलेली निळी फीत. रबराच्या सदऱ्याचं उद्घाटन मी पहिल्यांदाच पाहत होतो. साहेबांनी भाषण केलं. विज्ञान, प्रगती, माणसांच्या सुखाची कंपनीला असलेली काळजी. ही काळजी एवढी वर्षं कुठे होती, ते भाषणात आलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हा माणूस जसा कोरडा आत जाईल, तसाच कोरडा बाहेर येईल!"

टाळ्या पडल्या. मी पुढे झालो.

"साहेब, यात पाणी शिरतं. तशीच त्याची रचना आहे."

"मूर्खपणा," साहेब हसून पाहुण्यांकडे वळले. "भोकं पडलेली छत्री कोणी विकत घेतं का?"

हशा झाला. मी कपडे बदलायला गेलो. रबर अंगावरून सरकायला पावडर लागते. भाईजानांनी बाजारातून आणलेली पावडर गुलाबाच्या वासाची निघाली. "मास्तर, नवरदेव दिसता," ते म्हणाले. तोंडात नळी नसती तर मी उत्तर दिलं असतं.

पाण्यात उतरलो तर बुडेना. हे रबर बुचासारखं तरंगतं. कमरेला आणखी शिसं बांधावं लागलं. वर साहेबांचा चेहरा लाल होत होता. मग खाली गेलो. गार पाण्याची एक धार मानेतून पाठीवर उतरली आणि मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पण ती धार तिथेच थांबली. थोड्या वेळात ती माझी झाली, माझ्याच उबेची. माझ्या नेहमीच्या खांबावर मी पूर्वी खरवडलेली जागा शिंपल्यांनी पुन्हा भरून काढली होती. ती नव्याने खरवडली. बोटांना खरवडणी कळत होती. हवा संपत येईपर्यंत मी खाली राहिलो, आणि वर आलो ते केवळ श्वास घेणं भाग असतं म्हणून.

गालिच्यावर उभा राहून मी छातीवरची चेन उघडली. आतलं पाणी भळकन बाहेर आलं आणि गालिचाभर पसरलं.

"हा गळतोय," साहेब म्हणाले.

"गळत नाही, साहेब. मी गरम आहे."

"तू ओला आहेस."

"ओला आहे, पण गरम आहे. हात लावून बघा."

मी हात पुढे केला. साहेबांनी हाताकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं आणि डायरेक्टरांना चहाविषयी विचारलं. माझा हात तसाच राहिला. तिथे एवढी शिकलेली माणसं होती, त्यांतल्या एकालाही तो धरून बघावासा वाटला नाही. भाषण खोटं पडण्यापेक्षा पोशाख खोटा पडणं त्यांना सोयीचं होतं. हुकूम सुटला, पोशाख सदोष, भंगारात टाका. पाणबुड्यांनी आपापले कपडे वापरावेत. मी नकाशाच्या खोलीत परत जावं.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "कोरडे आलात?"

"नाही."

"मग संपलं."

"आधी हात बघ," मी म्हटलं.

तिने हात धरला. बोटं एकेक करून दाबून पाहिली. इस्पितळातला हात तिला आठवत असणार. मी सगळी हकिकत सांगितली.

"तुमच्या त्या साहेबाने हात लावून पाहिला नाही?"

"नाही."

"मग त्याला काय कळलं?" तिचा आवाज चढला होता, आणि या खेपेला माझ्यावर नव्हे. "कोरडं राहू दे. गरम येत असाल तर जा."

दुसऱ्या दिवशी मी भांडारात गेलो. पोशाखाच्या छातीवर भाईजानांनी हुकमाप्रमाणे लाल रंगाने इंग्रजीत 'गळका' असं लिहिलं होतं.

"भंगारात टाकला, मास्तर," ते म्हणाले. "भंगाराला राखण नसते." आणि पाठ करून चहा ओतत बसले.

पाणबुड्यांनी आपापले कपडे वापरावेत असा साहेबांचाच हुकूम होता. माझ्याकडे आता कपडे होते. मी तसा अर्ज केला, आणि खांब तपासायला माणूस कमी होता म्हणून तो मंजूरही झाला. पुढचे कित्येक हिवाळे मी छातीवर ती पाटी घेऊन खाली गेलो. साहेब धक्क्यावरून पाहत आणि काही बोलत नसत. बाकीचे पाणबुडे शेजारच्या खांबावर भिजलेल्या लोकरीत कुडकुडत, कारण त्यांच्या मापाचा पोशाख मागितला की उत्तर यायचं, तो प्रयोग करून पाहिला आहे, पोशाख गळतो.

त्या उत्तरातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. माझा राग अजून गेलेला नाही तो त्यामुळेच.