न सांडलेला तांब्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. शेगावला कितीदा हात जोडून उभा राहिलो, तिथंही नाही.

धामणगाव बढ्याच्या अलीकडे आमचं खेडं. महाराष्ट्र नवा होता, शाळेत मास्तर म्हणून मीही नवा. धरणाचं पाणी चढलं आणि निम्म्या गावाची शेतं पल्याड राहिली. ये-जा करायला नाव घ्यायचं ठरलं. बैल घ्यायचा असता तर दात बघायला दहा जण निघाले असते, पण नाव कशी पारखतात, हे कुणाला ठाऊक? शिकलेला माणूस पाठवा, पंच म्हणाले. म्हणजे मी.

खरं तर गणपत भोयाला पाठवायला हवं होतं. ती चालवणार तोच होता. त्यानं हसत मला समजावलं, "मास्तर, तांब्या काठोकाठ भरून नावेत ठेवा. मंग एका बाजूले उभे राहून हालून पाहा. पाणी सांडलं त ते नाव नोका घेऊ. अन् भेता काऊन? पाणी काही चावत नाही!"

तापीच्या काठी सुतारानं तयार नावा ओळीनं लावल्या होत्या. आमच्या पैशांत बसणाऱ्या दोन. एक काळी, रुंद, परातीसारखी बसकी. दुसरी निळी, निमुळती, पांढऱ्या शिडाची — काय दिसायची ती! डांबराचा तो वास अजून नाकात आहे.

बसून बघा, सुतार म्हणाला. मी तांब्या भरला. हातात धरून काठावर उभा राहिलो... बराच वेळ. मला पाण्याची भीती वाटायची — हे कसं सांगणार होतो? शेवटी तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

गावात येऊन सांगितलं, दोन्हींत उभा राहिलो, निळीत थेंबही सांडला नाही.

दोन वर्षं सुखाची गेली. शीड फाटलं की गणपतची बायको सखू आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावायची. दिवस कलताना ते हिरव्या ठिगळाचं शीड दिसलं की पोरं काठाकडे धावत सुटायची. मीही जायचो. काठापर्यंतच.

मग कापूस वेचून परतताना बायका ओझ्यांसकट एका बाजूला सरकल्या आणि नाव कलंडली. गणपतनं एकेकीला ओढून काढलं. सखू तेवढी पाण्यातच राहिली.

तेरावं झाल्यावर तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "मास्तर, तांब्या सांडला नव्हता ना?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं, नाही का?

"नाही," मी म्हणालो.

"मंग माह्याच हात चुकला."

पुन्हा त्यानं वल्ह्याला हात लावला नाही. म्हातारा होऊन गेला, तोवर ज्यानं विचारलं त्याला हेच सांगत राहिला — नाव चांगली होती, मास्तरनं पारखून आणली होती.

मी त्या नावेत कधीच पाय ठेवला नव्हता.