एकट्याचीच लाईट

भोरच्या एसटी स्टँडमागं चाचांचा सायबर कॅफे होता. मी नोकरीचे अर्ज पाठवायला तिथं जायचो. सगळ्या कॉम्प्युटरची बटणं चाचांच्या खुर्चीपाशी. कुणी नको ते बघायला लागलं, की चाचा पान चघळत त्याचं बटण बंद करायचे आणि हळहळायचे, "अरारा, लाईट गेली बग!" डोक्यावर पंखा गरगरत असायचा, पण तक्रार करायची कुणाची छाती नव्हती.

एकदा कामथडी गावची एक मुलगी रडत आली. कुणीतरी तिचा फोटो घाणेरडं लिहून वेबसाइटवर टाकला होता. चाचांनी दारात दुसरी खुर्ची टाकली. "सगळ्यांनी त्यो फोटो उघडा आन् तक्रार करा. फोटो गेल्याबिगर कुणी उठायचं न्हाई."

ज्यांची लाईट रोज जायची, तेही इमानदारीनं तक्रारी करू लागले. कोपऱ्यातला एक पोरगा मात्र स्क्रीन बंद करून उठला. "चाचा, माझी लाईट गेली."

चाचा हसले. "लाईट तर म्या घालवतो. बस, आन् टाकलास तसा तुज्याच हातानं काढ."

त्यानं मान खाली घालून फोटो काढला. मग चाचा सावकाश आपल्या खुर्चीपाशी गेले आणि त्याचं बटण बंद केलं.

"अरारा," ते म्हणाले.