बेल वाजल्यानंतर

माझ्या खिडकीतून समोरच्या काकूंचं दार दिसतं. कुरिअरवाल्याने बेल वाजवली, क्षणभर थांबला आणि फोनवर ‘घरी कोणी नाही’ सांगत जिना उतरला. मग दार हळूच उघडलं. गुडघे सांभाळत आलेल्या काकू रिकाम्या जिन्याकडे बघत राहिल्या.

माझ्या स्क्रीनवरची, प्रोग्राम तपासणारी टेस्टही अशीच उतावळी, म्हणून निकाल कधी पास, कधी नापास. प्रोग्रामचा एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारा कामाचा धागा, आपल्या चालीने काम उरकत असतो आणि टेस्ट दोन सेकंदांत पाठ फिरवते. ती दोन सेकंदांची मुदत मी खोडली. लिहिलं, थ्रेडचं ‘झालं’ ऐकू येईपर्यंत थांब.

भिंतीवरचं ऊन सावकाश सरकत होतं. दारापर्यंत यायला निघालेली किती माणसं आपण ‘नाहीत’ म्हणून सोडून दिली असतील, कोण जाणे.

समोर पुन्हा बेल वाजली. मी खिडकीतून ओरडले, “थांबा हो, काकू येतायत!”